काउंटर चारवरचं हळदीकुंकू

काकूंचं बोट माझ्या कपाळापाशी आलं आणि थांबलं.

करंगळीशेजारचं बोट. टोकाला कुंकू. हळद लावून झाली होती, कुंकू तेवढं टेकवायचं बाकी होतं. मी मान खाली घातलेली, डोळे मिटलेले. काही टेकेना म्हणून डोळे उघडले.

संक्रांतीचा दिवस होता. कोथरूडमधलं आमचं दुकान म्हणजे पूर्वी जिथं लाकडाची वखार होती तिथं उभं राहिलेलं, एसीचं, काचेच्या दारांचं. मी काउंटर चारची कॅशियर. त्या दिवशी प्रत्येक बाई गिऱ्हाइकाला बिलाबरोबर हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, वाण म्हणून प्लास्टिकची डबी द्यायची, अशी वरून ऑर्डर होती. आम्ही सगळ्या पोरी काळ्या साड्या नेसून उभ्या. मी काकूंना हळदीकुंकू लावलं. जिला लावलं तिनं उलट लावायचं, ही रीत. म्हणून काकूंनी माझ्या पुढ्यातल्या करंड्यात बोट घातलं, मला हळद लावली, मग कुंकवात बोट बुडवलं आणि अगदी सहज विचारलं, "दोन वर्षं झाली गं तुझ्याकडे येतेय, पण आडनाव काय तुझं, ते विचारायचंच राहिलं."

मी सांगितलं.

ते आडनाव मी इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही. लिहिलं की तुम्हीही पुढचं सगळं त्याच्यावरूनच वाचाल, म्हणून.

बोट मागे गेलं. "अच्छा," काकू म्हणाल्या. "अच्छा, अच्छा. असू दे. मागे रांग लागलीय ना, उगाच खोळंबा नको." बोट त्यांनी रुमालाला पुसलं. पिशवी उचलली. तिळगुळाची पुडी काउंटरवर राहिली, डबी राहिली. काचेच्या दाराशी त्या थांबल्या, तोच रुमाल पुन्हा काढला आणि मी लावलेलं कुंकू पुसलं. एकदा नाही, घासून पुसलं. मला काउंटरवरून स्वच्छ दिसत होतं.

"अहो, बिल करताय ना? का सण साजरा करताय?" मागची बाई म्हणाली.

मी बिल केलं. दुपारी शेजारच्या काउंटरची शैला म्हणाली, "अगं, नुसती हळदच दिसतेय. कुंकू राहिलंय बघ तुझं." हो, म्हटलं, राहिलंय. मग बाथरूममध्ये जाऊन हळदसुद्धा धुऊन आले.

आता मी कोण ते सांगते. आडनाव सोडून बाकी सगळं.

आमचं घर कोथरूडच्याच मागे, टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत. आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची. वडील हमाल, मी लहान असतानाच गेले. मोठा भाऊ आहे, त्याचं पुढे सांगते. आम्ही बौद्ध. आजीनं देव्हाऱ्यातले देवांचे सगळे टाक उचलून मुठा नदीत सोडले होते, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. वस्तीतल्या बायका कुंकू लावतात, नवऱ्याचं म्हणून. पण हळदीकुंकवाचा समारंभ, वाण लुटणं, ओट्या भरणं, ते सगळं आजीनं देवांबरोबरच नदीत सोडलं.

शाळा कर्वेनगरला. तिथल्या बाईंना 'हाय' ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. "हाय नाही, आहे. म्हण, आहे." बोटांच्या सांध्यांवर पट्टी. मी दोन वर्षांत इतकी 'आहे, नाही, कशाला' झाले की घरी आई म्हणायची, "आली बगा बामनाची पोर." हसून म्हणायची. ळ आणि ण मी असे म्हणते की तुमच्या आकाशवाणीवाल्यांनी ऐकावं. पुढे हेच नडलं.

बारावी झाले आणि दुकानात लागले. कॅशवर नाही, फरशी पुसायला. तिथं त्याला हाउसकीपिंग म्हणतात. निळा युनिफॉर्म, बादली, मॉप. निळ्या युनिफॉर्ममधल्या माणसाकडे कुणी बघत नाही. बायका माझ्या पुसलेल्या ओल्या फरशीवरून ट्रॉली नेत आणि म्हणत, "अगं, सरक की बाजूला." तोंडाकडे न बघता. एका दिवाळीत कॅशियर कमी पडले, सुपरवायझरला माहीत होतं मी बारावी पास आहे, त्यानं मला उभं केलं. माझा हात चालला. दिवाळी संपली तरी मला परत मॉप दिला नाही. आईनं ती कामाला जायची त्या प्रत्येक घरी सांगितलं, "माजी ल्येक कम्पुटरवर हाय." आमच्या घरात बादली न उचलता पगार आणणारी मी पहिली बाई. तो काउंटर माझ्यासाठी काय होता हे एवढ्यावरून समजा. तो गेला की पुन्हा बादली, ही भीती रोज पोटात घेऊन मी तिथं उभी राहायचे.

उभीच. बसायला स्टूल नाही. कॅशियर बसलेली दिसली की गिऱ्हाइकाला आळशी वाटते, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. बाथरूमला जायचं तर हात वर करून सुपरवायझरला खूण करायची आणि तो रांग बघून मान हलवायचा, हो किंवा नाही. पाय संध्याकाळी असे सुजत की चप्पल हातात घेऊन घरी जावं वाटे.

आणि गिऱ्हाइकं! काय सांगू. बारकोड लागला नाही की प्रत्येक पुरुष एकच विनोद करतो, "म्हणजे फुकट का?" आणि माझ्या हसण्याची वाट बघतो. दिवसातून कितीदा हसायचं माणसानं? आयटीवाली पोरं, गळ्यात कंपनीचं कार्ड, कानात फोन, अमेरिकेतल्या कुणाशी तरी बोलत सामान आपटणार आणि मी काही विचारलं की तळहात दाखवणार. थांब म्हणून. ट्रॅफिक पोलिसासारखे. कार्ड चाललं नाही की, "तुमचं मशीन भिकार आहे." भिकार मशीन दुसऱ्यांदा कार्ड घासल्यावर चालतं, तेव्हा सॉरी नाही. एक बाई ट्रॉली रांगेत लावून दही आणायला म्हणून जायची ती पापड, लोणचं, मुलाचे मोजे घेऊन यायची, आणि मागचे लोक बोंबलायचे ते माझ्या नावानं. एक आजोबा पावती तिथंच उभे राहून चष्मा लावून ओळ न ओळ तपासायचे. "आजोबा, जरा बाजूला होता का?" म्हटलं तर, "का? तुमची चोरी पकडली जाईल म्हणून?" पुणेरी बाणा म्हणतात याला. कौतुक असतं लोकांना.

पोरांना दुकानातच वेफर्स फोडून देतात आणि ते तेलकट, चाटलेलं रिकामं पाकीट माझ्या हातात. "याचं पण धरा हं." एकदा एक आई आपल्या मुलाला माझ्याकडे बोट करून म्हणाली, "गणितात असेच मार्क पाडलेस ना, तर असं टुक टुक करत उभं राहावं लागेल." मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी पण त्याच्याकडे बघितलं. त्याच्या आईनं वांगं वजन न करता आणलं होतं, ते मी परत पाठवलं. तेवढाच माझा सूड.

ते सगळं मी गिळत होते. सगळेच गिळतात. शैला म्हणायची, "घरी जाऊन चूळ भरायची आणि थुंकायचं." पण त्या सगळ्यात काकू वेगळ्या होत्या, हे खोटं नाही. सुती साडी, पांढरा अंबाडा, स्वतःची कापडी पिशवी. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. बाकीचे काउंटर रिकामे असले तरी माझ्याच रांगेत उभ्या राहायच्या. पैसे काउंटरवर टाकायच्या नाहीत, हातात द्यायच्या. मला खोकला झाला होता तर घरून आलेपाकाच्या वड्या करून आणल्या. म्हणायच्या, "तुझं मराठी किती स्वच्छ आहे गं. ऐकत राहावंसं वाटतं. हल्लीच्या पोरींना धड ळ म्हणता येत नाही." मला बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं. घरी जाऊन मी आईला सांगायचे, आज काकू आल्या होत्या. आई भांडी लावता लावता म्हणायची, "कुटं ऱ्हात्यात? आडनाव काय त्येंचं?" मी म्हणायचे, तुला काय करायचंय आडनाव? आई म्हणायची, "मला न्हाय करायचं. त्येंना करायचं आसंल."

म्हणून ते बोट लागलं. आजोबांचं 'चोरी' लागलं नाही, त्या आईचं 'टुक टुक' लागलं नाही, एवढं ते बोट लागलं. ज्या हातानं आलेपाक दिला त्याच हाताचं होतं ते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर कोथरूडचेच. तरुण, एमबीए, सगळ्या पोरींना अहो-जाहो करणारे. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. "बसा," म्हणाले. दुकानात मला पहिल्यांदा कुणी बसा म्हणालं.

"अहो, कालच्या कार्यक्रमाबद्दल दोन-तीन लेडीज कस्टमर बोलल्या. तक्रार नाही म्हणता येणार. नाराजी. त्यांचा भिशीचा ग्रुप आहे, सगळ्या आपल्याकडेच येतात."

"माझं काय चुकलं सर?"

"तुमचं काहीच नाही. मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. कॉलेजमध्ये माझा सगळ्यात जवळचा मित्र तुमच्यातलाच होता. पण कस्टमरला कम्फर्टेबल वाटलं पाहिजे ना."

तुमच्यातला. किती अलगद बोलले. मी हातांकडे बघत बसले.

मग त्यांनी उपाय सांगितला. आधीच काढून ठेवला होता. "तुमचं गाव कुठलं? त्याला 'कर' लावा. झालं. 'कर' म्हटलं की कुणाला काही कळत नाही. फक्त कॅशवर असेपर्यंत. पगार तुमच्या खऱ्याच नावानं निघेल. आणि वाईट वाटून घेऊ नका. अहो, कॉल सेंटरमधली पोरं रोज रात्री नावं बदलतात. संदीपचा सँडी होतो. त्याला कुणी अपमान म्हणतं का? ते प्रोफेशनल आहे."

"आणि नाही बदललं तर?"

"तर मग..." सरांनी पेन फिरवलं. "तुम्हाला मागे कुठंतरी अॅडजस्ट करावं लागेल."

विचार करते, म्हटलं. खोटं कशाला बोलू, खरंच विचार करत होते. मागे कुठंतरी म्हणजे काय ते मला कळत होतं. बादली डोळ्यापुढून हलत नव्हती.

सरांना ठाऊक नव्हतं, पण कॉल सेंटर आमच्या घरातच होतं. माझा भाऊ. फोनवर तो केव्हिन. आणि कोथरूडमध्ये भाड्यानं फ्लॅट घेताना तो गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळा झालेला. त्याला मी रविवारी विचारलं. म्हणाला, "कर की! इतका काय विचार करतेस? मला तीन ठिकाणी नाही म्हणाले, 'कर' लावल्यावर चौथ्या ठिकाणी मालकिणीनं चहा पाजला. नावानं पोट भरतं का?" आई बाजूला बसून लसूण सोलत होती. त्या फ्लॅटवर आई एकदाच गेली होती. मालकीण भेटली तर जास्त बोलू नकोस, असं त्यानं तिला जिन्यातच सांगितलं होतं. ती म्हणाली, "फोनवर येक, खोलीवर येक, आन हितं येक. तू नक्की कोन हायीस रं?" तो चिडून उठून गेला.

मग माझ्याकडे बघून आई म्हणाली, "नाव लपवाय आपून कुनाचं काय चोरलंय का?"

मी म्हटलं, "मग पुन्हा फरशी पुसू?"

आईनं लसणाची पुढची कुडी उचलली. तिनं आयुष्यभर लोकांच्या घरी तेच केलं होतं. मलाच माझी जीभ चावावीशी वाटली. रात्रभर ना मला झोप, ना तिला. सकाळी तिनं डबा भरून दिला, आणि हो म्हण की नको म्हण, काहीच सांगितलं नाही.

मी सरांना काहीच उत्तर दिलं नव्हतं. सरांनी माझ्या उत्तरासाठी थांबायची तसदी घेतली नाही. माझ्यासारखीनं नाही म्हणणं त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

शनिवारी काकू आल्या. रांग माझीच धरली. चेहरा हसरा. मी त्यांचं सामान ओढायला लागले तर म्हणाल्या, "थांब गं, आधी हे. अगं वेडे, आधी नाही का सांगायचं! मॅनेजरांचा फोन आला होता. म्हणाले, काहीतरी गैरसमज झाला, तुझं आडनाव अमुक-कर आहे." आमच्या गावाचं नाव, सरांनी माझ्या नोकरीच्या फॉर्मवरून उचललेलं, त्यांच्या तोंडून ऐकून मला कसंतरीच झालं. "मला वाटलंच होतं! अगं, बोलण्यावरून कळतं ना माणूस."

त्यांनी पर्समधून कोयरी काढली. हळदीकुंकवाची, चांदीची, आंब्याच्या आकाराची. "रथसप्तमीपर्यंत चालतं. संक्रांतीचं राहिलं होतं ना, मनाला लागून राहिलं माझ्या. ये, पुढे हो."

कोयरी उघडली. बोट कुंकवात बुडलं.

मला फक्त मान खाली घालायची होती. एवढंच. एक शब्दसुद्धा बोलायचा नव्हता. खोटं सरांनी आधीच बोलून ठेवलं होतं. मान खाली घातली की काउंटर माझा, पगार माझा, आलेपाकाच्या वड्या माझ्या. काकू वाईट नव्हत्या हो. त्या खरंच प्रेमानं उभ्या होत्या. पण ते प्रेम त्या 'कर'वालीवर होतं. ती पोरगी कुठं होती? नव्हतीच. तिच्यासाठी मी माझं कपाळ द्यायचं? एकाएकी अशी तिडीक गेली डोक्यात! माझ्या आईच्या हातांना भांड्यांच्या राखेनं भेगा पडल्या, तिच्या घरात मी जन्मले. त्या घरचं नाव सांगितलं की मी घाण, आणि खोटं सांगितलं की मी सोन्याची. म्हणजे घाण नेमकी कुठं होती?

मी मान खाली घातली नाही. म्हटलं, "काकू, गैरसमज आत्ता झालाय. त्या दिवशी सांगितलं तेच माझं आडनाव आहे. वडिलांचं, आजोबांचं, माझं. आता लावायचं असेल तर लावा."

आणि कपाळ पुढे केलं.

मागे रांग. शैलाचा हात थांबलेला. काकूंचं बोट हवेत. मला खरंच वाटत होतं, लावतील. अजून सांगते, त्या दोन-चार क्षणांत मला मनापासून वाटत होतं की लावतील. दोन वर्षं काय थोडी असतात?

काकूंनी कोयरी मिटली. "तसं नाही गं," म्हणाल्या. "आम्ही काही मानत नाही. माझी सून पंजाबी आहे, विचार कुणालाही. पण ही कोयरी माझ्या सासूबाईंची आहे ना. घरच्या गौरीची. म्हणून हो."

"अच्छा," मी म्हटलं. "तुम्ही मानत नाही. कोयरी मानते वाटतं."

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंचा चेहरा लालबुंद. "हे बघ, मी इतकी तुझ्याशी चांगली वागले, आणि तू..." सामान काउंटरवर तसंच टाकून त्या सरांच्या केबिनकडे गेल्या. मी ते सामान टोपलीत भरलं, बाजूला ठेवलं आणि पुढच्या माणसाला म्हटलं, "या." तो बिचारा पाव घेऊन आला होता. माझ्याकडे न बघता पाव घेऊन गेला.

रांगेत निदान दहा-बारा माणसं होती. शिकलेली, चांगल्या घरची. एकानंही तोंड उघडलं नाही. एका बाईनं जाता जाता हळूच म्हटलं, "बरोबर बोललात हो तुम्ही." हळूच. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. त्या बाईचा राग मला काकूंपेक्षा जास्त येतो.

सरांनी त्याच दुपारी बोलावलं. या वेळी बसा म्हणाले नाहीत. "ज्येष्ठ कस्टमरशी उद्धट बोललात." बस, एवढंच. जातीचा विषयच नाही. आडनावाचा नाही, कुंकवाचा नाही. उद्धटपणा. असंच असतं ते. ते कधी जातीसाठी काढत नाहीत, आपण बोललो म्हणून काढतात.

"सर, फोन तुम्ही केला होता. मी हो म्हटलं नव्हतं."

"मी तुमच्या भल्यासाठी केला होता," सर म्हणाले. खरंच दुखावल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवसापासून मला मागे टाकलं. बादली नाही दिली, तेवढी कृपा. पॅकिंगला. गोदामाच्या शेजारी खिडकी नसलेली खोली आहे, तिथं पोत्यांतली डाळ, तांदूळ, पोहे निवडायचे, पिशव्यांत भरायचे, सील करायचं. नाकातोंडात डाळीचा भुसा. दुकान दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला आपण दिसत नाही. आईनं सोसायटीतल्या बायकांना सांगणं बंद केलं. मी घरी आले की माझ्या पाठीला तेल लावून द्यायला लागली.

तूरडाळ मी भरते. ती काकूंच्या घरी जाते, मला माहीत आहे, त्या तीच घेतात. दोन्ही हात कोपरापर्यंत डाळीत घालून मी खडे काढते, आणि ती डाळ त्यांच्याकडे शिजते, त्यावर तूप पडतं, गौरीला नैवेद्य जातो. चालतं. पिशवीवर माझं आडनाव छापलेलं नसतं, म्हणून चालतं.

काउंटर चार शैलाला मिळाला. काकू आता तिच्या रांगेत असतात. पुढच्या संक्रांतीला काकूंनी शैलाला हळदीकुंकू लावलं, हळदही, कुंकूही. ते शैलानंच मला येऊन सांगितलं, पॅकिंगच्या खोलीत, पोत्यावर बसून, रडत. कारण शैला दुकानात सांगायची ते 'कर'वालं आडनावही सरांनीच दिलेलं. ती आमच्याच समाजाची, आमच्या वस्तीच्या पलीकडच्या गल्लीतली. दोन वर्षं माझ्या शेजारी उभी होती आणि मलासुद्धा तिनं सांगितलं नव्हतं. "मला दोन पोरं आहेत गं," म्हणाली. मी डाळीचे हात झटकले आणि तिच्याजवळ बसले. तिच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं, ते पुसू का ठेवू असं ती मला विचारत होती. मी म्हटलं, तुझं तू बघ. ड्यूटी संपेपर्यंत तिनं ते तसंच ठेवलं.

म्हणजे बदललं काय? काही नाही. काकू अजून म्हणतात बोलण्यावरून माणूस कळतो. भाऊ अजून केव्हिन आहे, आणि आता त्याच्या पोरीच्या शाळेच्या दाखल्यावरही 'कर' लागलंय. ती मोठी होईल तेव्हा तिला माझं आडनाव परक्या माणसाचं वाटेल. रांगेतली माणसं अजून हळूच बोलतात. माझ्या त्या एका दिवसानं कुणाचं काही वाकडं झालं नाही. माझा काउंटर गेला, एवढंच झालं.

मध्यंतरी सर स्वतः पॅकिंगच्या खोलीत आले. नाकाला रुमाल लावून. बाणेरला नवीन शाखा निघत होती, सगळी आयटीवाली वस्ती, त्यांना हात चालणारे कॅशियर हवे होते. "तुमच्यासारखी फास्ट कुणी नाही," म्हणाले. "मी वर शब्द टाकलाय. झालं गेलं विसरून जा. फक्त त्या नावाचं तेवढं बघा."

"नाव तेच राहील सर."

"अहो, आयुष्यभर इथं डाळ भरत बसणार का?"

"बसेन."

"हट्टी आहात," सर म्हणाले आणि गेले.

हो, आहे. आणि बसावं लागणार हेही मला माहीत आहे. कुणी न्यायला येणार नाही. सरांची बदली होईल, दुसरे सर येतील, तेही अहो-जाहो करतील आणि तेही गाव विचारतील. आई थकलीय, तिची कामं सुटत चाललीत, घर माझ्या या पगारावर चालतं आणि तो पुरत नाही. मला रात्री कधीकधी त्या काउंटरची इतकी आठवण येते की उशी चावते. तरीही नाही.

आता मी कुणी आडनाव विचारायची वाट बघत नाही. नवीन माणूस भेटला, नवीन पोरगी पॅकिंगला आली, बसमध्ये शेजारची बाई बोलायला लागली, की मी आधीच पूर्ण नाव सांगते. आडनावासकट, आवाज न पाडता, माझ्या त्या स्वच्छ मराठीत. ज्याला उठून जायचं असेल त्यानं तेव्हाच उठून जावं.